रोमची भोकं वाचताना: चार दिवस

रोममध्ये पहिल्यांदा जाणारा माणूस खांब बघतो, पुतळे बघतो, संगमरवर बघतो. पण प्राचीन रोममधला संगमरवर बहुतेक इमारतींवर वरून चढवलेला होता. मध्ययुगात तो सोलून नेला, कुठे दुसऱ्या बांधकामात बसवला, कुठे सरळ भट्टीत भाजून त्याचा चुना केला. मागे राहिल्या विटा, डबर, चुना आणि भोकं. भिंतीत, खांबांवर, कमानींवर, छतात, चौकोनी, गोल, वेडीवाकडी. यातलं जवळजवळ प्रत्येक भोक कुणीतरी काही कामासाठी पाडलेलं आहे आणि ते काम ओळखता आलं की इमारत आपोआप उलगडते. म्हणून हा बेत कोलोसियमपासून सुरू होत नाही. आधी एक दिवस उघड्या भिंतींचा, मग नावाजलेल्या इमारती.

सोबत तीनच गोष्टी हव्यात: छोटी दुर्बीण, मोजपट्टी आणि रिकामी बाटली. बाटली काचेची नको, कोलोसियमच्या तपासणीत अडवतात. शहरभर लोखंडी नळ चोवीस तास वाहत असतात, त्यांना ‘नाझोने’ म्हणजे मोठं नाक म्हणतात. पाणी थंड आणि पिण्याचं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की तिच्या पाठीवरच्या बारीक भोकातून पाण्याची चिळकांडी वर उडते आणि ओंजळ न करता पिता येतं. सुरुवात या भोकापासून करायला हरकत नाही. बूट जाड तळव्याचे घाला. जुन्या शहरातले रस्ते काळ्या लाव्हाच्या चौकोनी ठोकळ्यांचे आहेत, आणि पाऊस पडला की ते साबण लावल्यासारखे होतात.

पहिला दिवस: स्टेशनच्या आसपास

भारतातून आलेल्या माणसाचं पहिल्या दिवशी अंग जड असतं. तेर्मिनी स्टेशनच्या परिसरातच दिवस काढावा, तिकिटाच्या रांगाही नाहीत.

स्टेशनबाहेरच्या चौकात पिवळट दगडांची एक भिंत उभी आहे. बसची वाट बघणारे तिला टेकून उभे असतात. ही सर्व्हियन भिंत, इसवी सनपूर्व चौथ्या शतकातली. गॉल टोळ्यांनी शहर लुटल्यावर बांधलेली. दगड टफ जातीचा, म्हणजे ज्वालामुखीची राख दाबून झालेला, जांभ्यासारखा ताजा असताना सहज कापता येणारा. थराची उंची मोजा, ५९-६० सेंटिमीटर भरेल. रोमन फूट २९.६ सेंटिमीटरचा, म्हणजे हे बरोबर दोन फूट. सांध्यात चुना नाही, चिऱ्यावर चिरा नुसता वजनाने बसलेला. काही चिऱ्यांवर पाथरवटांच्या खुणा कोरलेल्या दिसतात.

चौक ओलांडला की सम्राट डायोक्लेशियनचं स्नानगृह, इसवी सन २९८ ते ३०६. तुटलेल्या भिंतीचा एखादा कोपरा शोधा आणि तिथे पाच मिनिटं द्या, कारण पुढचे तीन दिवस हीच भिंत वेगवेगळ्या कपड्यांत भेटणार आहे. बाहेरून ती विटांची दिसते. तुटलेल्या जागी कळतं की वीट फक्त वीतभर आत आहे आणि तीही त्रिकोणी. आठ इंची चौकोनी वीट कर्णावर तोडायची, लांब बाजू बाहेर, टोक आत. आतला गाभा डबर आणि चुन्याचा. टोकं गाभ्यात दातासारखी रुततात, म्हणून विटांचा पदर सुटत नाही. हा गाभा आजच्या काँक्रीटसारखा ओतलेला नाही. चुना पसरायचा, त्यावर मुठीएवढे दगड हाताने मांडायचे, दाबायचे, पुन्हा चुना. लोखंडाची एक सळई नाही.

चुन्यात नुसती वाळू नसे, पोझोलाना म्हणजे ज्वालामुखीची राखमाती असे. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने सांगितलेलं प्रमाण तीन भाग खाणीतली माती, एक भाग चुना. आपल्याकडचे जुने गवंडी चुन्यात विटांची सुरखी घालत, तेच काम ही माती करते. चुन्याशी संयोग पावून ती ओल्यातसुद्धा घट्ट होते. नुसता चुना हवेतला कर्बवायू खाऊन घट्ट होतो, त्यामुळे तो जाड भिंतीच्या पोटात वर्षानुवर्षं मऊच राहतो. सहा मीटर जाडीच्या भिंती रोमला झेपल्या त्या या मातीमुळे.

आता भिंतीवरची चौकोनी भोकं बघा, ओळीने, एका पातळीत. ही परांचीची. भिंत चढेल तशी वाशांची टोकं तिच्यातच रुतवत गेले आणि काम झाल्यावर वासे काढून घेतले. त्यांच्या जवळपास मोठ्या, दोन फुटी विटांचा एक सलग थर बहुधा आरपार गेलेला असतो. तो त्या टप्प्याचा शेवट, म्हणजे भिंत पुन्हा समपातळीत आणण्याची जागा. छोटी, वेडीवाकडी, भिंतभर विखुरलेली भोकं वेगळी. ती संगमरवरी लाद्या धरणाऱ्या आकड्यांची.

मोजपट्टीचा खरा उपयोग इथे. पाच विटा आणि पाच दर्जा, म्हणजे विटांमधले चुन्याचे सांधे, मिळून उंची मोजून ठेवा. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या चांगल्या कामात दर्जा बारीक असतात, वीट साडेतीन-चार सेंटिमीटरची आणि मधला चुना त्याच्या निम्म्याहून कमी. तिसऱ्या-चौथ्या शतकाकडे येताना चुना जाड होत जातो, शेवटी विटेएवढाच. वीट महाग, चुना स्वस्त. साम्राज्याची तब्येत दर्जांमध्ये दिसते. फक्त एका भिंतीवरून काळ ठरवू नये, डागडुजीचा तुकडा मोजला तर हिशेब दोनशे वर्षांनी चुकतो.

याच स्नानगृहाच्या थंड दालनात मायकेलअँजेलोने १५६०च्या दशकात सांता मारिया देल्यी आंजेली हे चर्च बसवलं. आडव्या लांब दालनातले ग्रॅनाइटचे आठ अखंड खांब मूळचे. त्याने जमीन वर उचलली, त्यामुळे खांबांचा तळ गाडला गेला आणि आज दिसणाऱ्या बैठका नंतरच्या आहेत. उरलेले खांब अठराव्या शतकात वीट आणि गिलाव्याने करून ग्रॅनाइटसारखे रंगवलेले. डोळे फसतात, हात फसत नाही: ग्रॅनाइट गार लागतो, गिलावा नाही. फरशीवर पितळी रेघ आहे, १७०२ साली फ्रान्चेस्को बियान्कीनीने आखलेली मध्यान्हरेषा. भिंतीत वर पाडलेल्या भोकातून उन्हाचा ठिपका येतो आणि ही रेघ ओलांडतो. युरोपात उन्हाळी वेळ चालू असेल तर पाऊण ते सव्वा एकच्या दरम्यान हजर राहा. बाराला जाणारे लोक रिकाम्या हाताने परततात.

दुपारनंतर ट्रामने पोर्ता माज्जोरे. पाच आणि चौदा नंबरची ट्राम जाते, पायी गेलात तर वीस मिनिटं. इसवी सन ५२ साली सम्राट क्लॉडियसच्या काळात दोन पाणीकालवे रस्ता ओलांडून न्यायचे होते, म्हणून ही दुहेरी कमान. बाजूने पाहिलं तर माथ्यावर एकावर एक दोन चौकोनी बोगदे दिसतात: खालचा आक्वा क्लॉडिया, वरचा आनियो नोव्हुस. कमानीवर तीन लेख आहेत. पहिला क्लॉडियसचा, काम पूर्ण केल्याचा. दुसरा व्हेस्पेसियनचा, सन ७१: हा कालवा नऊ वर्षं बंद पडून ढासळला होता, मी दुरुस्त केला. तिसरा टायटसचा, सन ८१: पुन्हा जुना होऊन खराब झाला होता, मी नव्याने केला. तीस वर्षांत दोनदा मोठी दुरुस्ती. रोमन बांधकाम हजारो वर्षं टिकतं असं म्हणणाऱ्यांना हा दगड दाखवावा. टिकलं ते डागडुजीमुळे, आणि कालव्यांच्या देखभालीला कायमचे नोकर असत.

कमानीला खेटून एका बेकरीवाल्याची समाधी आहे. नाव युरिसेकीस, काळ इसवी सनपूर्व पहिल्या शतकाचा उत्तरार्ध, धंदा सरकारी पावाचं कंत्राट. समाधीच्या अंगावर तोफेच्या नळीसारखी गोल भोकं आहेत. ती पीठ मळण्याच्या पिंपांची किंवा धान्याच्या मापांची असावीत. वरच्या पट्टीत दळणं, चाळणं, मळणं, गोळे करणं, भट्टी आणि वजन असं सगळं क्रमाने कोरलेलं आहे. रोममध्ये देव, सम्राट आणि लढाया रग्गड. कणीक मळणारे फक्त इथेच इतक्या जवळून दिसतात.

दुसरा दिवस: कोलोसियम आणि फोरम

तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा आणि तारीख उघडली की लगेच. तिकिटावर नाव असतं, ते पासपोर्टशी जुळवून बघतात. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये असेल तर तसंच भरा. सकाळचा पहिला तास घ्या. महिन्यातल्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, त्यामुळे त्या दिवशी कोलोसियमकडे फिरकू नये.

आत जाण्याआधी बाहेरून पूर्ण फेरी मारा. लंबवर्तुळ १८९ बाय १५६ मीटर, उंची ५० मीटरच्या आत-बाहेर. व्हेस्पेसियनने सुरू केलं, टायटसने सन ८०मध्ये उद्घाटन केलं. उंच बाहेरची भिंत फक्त उत्तरेला शिल्लक आहे. खालच्या ८० कमानींपैकी ७६ना आकडे होते, प्रेक्षकाच्या तिकिटावर तोच आकडा असे. आज २३ ते ५४ हे आकडे कमानींच्या माथ्यावर वाचता येतात. ३८ आणि ३९च्या मध्ये एक कमान बिनआकड्याची आहे, ती मानाच्या प्रवेशाची.

आता दगड. ट्रॅव्हर्टिन, तिवोलीजवळच्या खाणींतला, पांढरट आणि मूळचाच सच्छिद्र. पण अंगावर जे ठोसे मारल्यासारखे खड्डे आहेत ते निसर्गाचे नाहीत आणि गोळ्यांचेही नाहीत. एका खड्ड्याजवळ उभे राहा आणि तो कुठे आहे ते बघा: बरोबर दोन चिऱ्यांच्या सांध्यावर. शेजारचा, त्याच्या शेजारचा, सगळे सांध्यावर. चिरे एकमेकांना लोखंडी आकड्यांनी जखडलेले होते आणि आकड्याभोवती शिसं ओतलेलं होतं. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं आपण ऐकलेलं असतं, तीच युक्ती. या इमारतीत सुमारे ३०० टन लोखंड असल्याचा अंदाज आहे. मध्ययुगात धातू महाग झाला, तेव्हा लोकांनी परातीएवढा खड्डा खणून वीतभर आकडा काढला. कुठे खणायचं हे त्यांना अचूक माहीत होतं. इतकं लोखंड काढूनही भिंत उभी राहिली, कारण दगड दगडावर वजनाने बसलेला आहे. आकडे भूकंपासाठी होते.

आणि भूकंप आलाच. १३४९च्या भूकंपात दक्षिणेची बाहेरची भिंत कोसळली. उत्तर शाबूत, दक्षिण गेली, असं का? इथे आधी नीरोच्या महालातलं तळं होतं. ते उपसून काँक्रीटचा जाडजूड पाया घातला, पण दक्षिण बाजूखाली गाळाची मऊ जमीन आहे आणि मऊ जमिनीवर हादरा जास्त बसतो. पडलेला दगड पुढची कित्येक शतकं शहराची फुकटची खाण झाला.

बाहेरची भिंत जिथे अचानक संपते तिथे दोन धिरे आहेत, आणि दोन्ही बघायलाच हवेत. पूर्वेचा १८०७चा, राफाएल स्टर्नचा. कमानी सुटायला आल्या होत्या, कळीचे दगड खाली घसरले होते. त्याने काहीही सरळ न करता कमानी विटांनी गच्च भरून टाकल्या. घसरलेले दगड आजही घसरण्याच्या क्षणी थबकलेले दिसतात. पश्चिमेचा धिरा १८२०च्या दशकातला, जुझेप्पे व्हालादियेचा. त्याने कमानींचा आकार पुन्हा बांधला, पण बहुतेक विटेत, म्हणजे नवं कुठलं ते कळावं. दिसायला दुसरा देखणा. खरा मात्र पहिला वाटतो.

आत लाकडी रिंगणाखालचं तळघर उघडं आहे: पिंजरे, उचलण्याचे खटके, अरुंद वाटा. हा भाग डोमिशियनच्या काळचा. वरच्या मजल्यावरून बघितलं तर त्याचा नकाशाच दिसतो, त्यामुळे तळघराचं जादा तिकीट मिळालं नाही तर हळहळू नका.

बाहेर कॉन्स्टंटाइनची कमान, सन ३१५. ही कमान म्हणजे जुन्या मालाचं प्रदर्शन. वरचे बंदिवान ट्रेजनच्या काळचे, गोल शिल्पं हेड्रियनच्या काळची, माथ्यावरचे चौकोन मार्कस ऑरेलियसचे, चेहरे बदलून कॉन्स्टंटाइनचे केलेले. गोल शिल्पांखालची अरुंद पट्टी तेवढी त्याच्या स्वतःच्या कारागिरांची: बुटकी माणसं, मोठी डोकी, एका ओळीत. दुर्बीण लावा आणि दोनशे वर्षांचा फरक एकाच नजरेत बघा.

दुपारी फोरम, म्हणजे प्राचीन शहराचा मुख्य चौक. सावली जवळजवळ नाही. जून ते ऑगस्टमध्ये कोलोसियमनंतर जेवून, साडेतीन-चारला आत शिरावं. शेवटचा प्रवेश ऋतूप्रमाणे बदलतो, हिवाळ्यात फार लवकर असतो, तो आदल्या दिवशीच बघून ठेवा.

टायटसच्या कमानीत शिरताना अर्धखांबांकडे बघा. पन्हळी असलेले संगमरवरी मूळचे, सपाट ट्रॅव्हर्टिनचे १९व्या शतकातले. दुरुस्तीवाल्यांनी मुद्दाम वेगळे ठेवलेत. मुद्दाम वेगळं ठेवण्याची ही सचोटी आपल्याकडे सिमेंटने किल्ले लिंपणाऱ्यांनी जरूर बघावी.

उजवीकडे मॅक्सेंशियसची बॅसिलिका, म्हणजे सार्वजनिक सभागृह. तीन प्रचंड कमानी दिसतात त्या निव्वळ बाजूच्या खोल्या. मधलं दालन जवळपास ३५ मीटर उंचीचं होतं आणि ते पडलं. त्याचा एक खांब १६१४मध्ये सांता मारिया माज्जोरेसमोर नेऊन उभा केला, तो तिथे आजही आहे. बॅसिलिका ज्या जागी उठली तिथे आधी डोमिशियनची मिऱ्याची गोदामं होती. मिरी मलबारची, मान्सूनच्या वाऱ्यावर तांबड्या समुद्रातून इजिप्तला आणि तिथून इथे येणारी. त्याच वाऱ्यांवर येणारी जहाजं भडोचला लागत, तिथे पैठण आणि तेरचं कापड घाटावरून उतरत असे.

सम्राट अँटोनायनस आणि त्याची राणी फाउस्टिना यांचं देऊळ हे फोरममधलं सर्वांत बोलकं काम. सन १४१. समोर हिरवट रेघांच्या संगमरवराचे सहा अखंड खांब, प्रत्येकी सुमारे १७ मीटर. आत चर्च. चर्चचं दार जमिनीपासून कित्येक फूट वर, हवेत लटकलेलं. दार चुकलेलं नाही. ते बसवलं तेव्हा जमीन तिथेच होती. फोरम गाळाने आणि राडारोड्याने तेवढा भरला होता, नंतरच्या उत्खननाने जमीन खाली नेली. खांबांच्या वरच्या भागात तिरप्या खाचा आहेत. खांब ओढून पाडण्यासाठी दोर बांधला त्याच्या या खुणा, असं सांगतात. दुसरं मत असं की खांबांना टेकवलेल्या छपराच्या त्या खोबण्या. वर दुर्बीण लावून आपलं मत ठरवावं.

शेवटी सेप्टिमियस सेव्हेरसची कमान, सन २०३. इथे उन्हं तिरपी हवीत. माथ्यावरच्या लेखाची अक्षरं मूळ काशाची होती, ती गेली. राहिले अक्षरांचे खोलगट आकार आणि खिळ्यांची भोकं. पहिल्या तीन ओळींत भोकं अक्षरांच्या आत नीट बसतात. चौथ्या ओळीत बसत नाहीत, भलतीकडेच दिसतात आणि तिथला दगडही जास्त खोल तासलेला आहे. त्या ओळीत सेव्हेरसच्या धाकट्या मुलाचं, गेटाचं नाव होतं. सन २११मध्ये थोरल्या कॅराकलाने त्याला मारलं, नाव सगळीकडून खरवडलं आणि त्या जागी ‘उत्तम आणि शूर राजांना’ अशी भरती घातली. अक्षरं बदलली, भोकं बुजवायची राहिली.

तिसरा दिवस: पँथिऑन ते नदी

पँथिऑन या घुमटाच्या जुन्या देवळाला २०२३च्या जुलैपासून तिकीट आहे, सुरुवातीला ते ५ युरोचं होतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, कारण हे चालू चर्च आहे. ६०९मध्ये चर्च झालं म्हणून तर वाचलं.

पुढच्या बाजूला अक्षरं सांगतात की हे मार्कुस आग्रिप्पाने बांधलं. ते त्याच जागेवरचं आधीचं देऊळ. आजची इमारत हेड्रियनच्या काळात पुरी झाली. हे कळलं विटांच्या शिक्क्यांवरून. विटांवर भट्टीचा, मालकाचा, कधी वर्षाचाही ठसा असे.

ओसरीचे १६ खांब इजिप्तच्या ग्रॅनाइटचे, अखंड, प्रत्येकाचा सोट जवळपास १२ मीटर. वाळवंटातून नाईलवर, नाईलवरून समुद्रात, समुद्रातून रोमच्या टायबर नदीवर. डाव्या टोकाचे तीन खांब १७व्या शतकात बदललेले आहेत. कोपऱ्यातल्या खांबाच्या माथ्यावर पोप अर्बन आठवा याच्या घराण्याच्या मधमाश्या दिसतात. याच पोपने १६२५मध्ये ओसरीच्या छताचं कासं काढून तोफा ओतल्या. ओसरीच्या त्रिकोणामागे, मधल्या ठोकळ्यावर, आणखी एक त्रिकोण वर डोकावतो. मूळ बेत उंच खांबांचा होता आणि तेवढे दगड मिळाले नाहीत, असा एक पटणारा तर्क आहे.

दारातून आत न जाता आधी इमारतीला बाहेरून वळसा घाला. हे फारसं कुणी करत नाही. गोल भिंतीत विटांच्या मोठमोठ्या कमानी चिणलेल्या दिसतील, खाली दारही नाही, खिडकीही नाही. भिंत सहा मीटर जाड आहे पण भरीव नाही, आत कोनाडे आणि पोकळ्या आहेत. या कमानी घुमटाचं वजन पोकळ्यांवरून सरकवून भरीव भागात उतरवतात.

आत व्यास ४३.३ मीटर, जमिनीपासून माथ्याच्या भोकापर्यंतही तेवढंच. सळईशिवायच्या काँक्रीटचा इतका मोठा घुमट जगात दुसरा नाही. तो पेलला कसा, याचं उत्तर वजनात आहे. तळाशी जाडी सहा मीटरच्या वर, माथ्याशी सव्वा मीटरच्या आसपास. मिश्रणसुद्धा वर जाताना हलकं होत जातं: पायात ट्रॅव्हर्टिनचे तुकडे, वर टफ आणि विटा, अगदी वर पाण्यावर तरंगेल असा ज्वालामुखीचा फेसाळ दगड. आतल्या चौकोनी खोबण्यांनी आणखी भार घटवला. त्यांच्या पाच ओळी, प्रत्येकीत २८. खालचे कोनाडे आठाच्या हिशेबात आहेत, वर २८, त्यामुळे रेषा जुळत नाहीत आणि घुमट खालच्या भिंतीपासून सुटा, फिरता वाटतो. घुमटाला तळाकडून वर जाणाऱ्या उभ्या भेगाही पडल्या आहेत. त्यांची भीती नको. भेगांमुळे तो घुमट न राहता फाकांसारखा वागतो, फाका एकमेकींना टेकून उभ्या राहतात आणि बाहेरच्या पायऱ्यांसारख्या जाड कड्यांचं वजन त्यांना फाकू देत नाही.

आणि ते भोक. सुमारे ९ मीटर व्यासाचं, उघडं, काच नाही. काँक्रीटच्या घुमटाला माथ्यावर वजन नको असतं, म्हणून माथाच काढून टाकला. कडेचं विटांचं कडं दाबाखाली आणखी घट्ट होतं. आतल्या गरम हवेमुळे पाऊस खाली येत नाही, असं वाटाडे सांगतात. येतो, चांगला येतो. म्हणून फरशीला मध्ये सूक्ष्म फुगवटा आहे आणि पाणी जायला २२ बारीक भोकं. पावसात जायची संधी मिळाली तर सोडू नका. सहाव्या-सातव्या मिनिटाला फरशीवरून पाणी कुठल्या वाटेने वळतं ते पायाशी दिसतं.

पाच मिनिटांवर पियाझ्झा दी पिएत्रात हेड्रियनच्या देवळाचे ११ खांब एका कार्यालयाच्या भिंतीत चिणलेले आहेत. जाता जाता बघावेत.

ट्रेजनचा स्तंभ, सन ११३. बैठकीसह ३८ मीटर, संगमरवराचे २९ खंड. लोक बाहेरचं शिल्प बघतात, सुमारे २०० मीटर लांबीची पट्टी, वर जाताना दिसेनाशी होणारी. खरी कमाल आत आहे. भरीव खंड कोरून १८५ पायऱ्यांचा गोल जिना काढलाय आणि खंड एकावर एक चढवल्यावर पायऱ्या जुळल्या आहेत. आत सोडत नाहीत. पण शिल्पात मधूनमधून उभ्या फटी दिसतील, चाळीसेक. त्या जिन्याच्या खिडक्या. काही जागी फट एखाद्या सैनिकाच्या अंगातूनच गेली आहे. शिल्पी आणि जिनेवाला यांचं नेहमी पटलेलं दिसत नाही. वरचा पुतळा ट्रेजनचा नव्हे, संत पीटरचा, १५८७ पासून. शेजारचा ट्रेजनचा बाजार, म्हणजे टेकडी कापून तिला टेकवलेले विटांचे मजले, वेळ असेल तरच आतून बघा. बाहेरूनही पुष्कळ कळतं.

संध्याकाळी नदीवर. पोंते फाब्रिचिओ, इसवी सनपूर्व ६२, अजून वापरात, फक्त पायी. दोन मोठ्या कमानींच्या मधल्या खांबात एक छोटी कमान आरपार आहे. पूर आला की पाणी त्या भोकातून जातं आणि पुलावरचा दाब कमी होतो. कमानींवर बांधणाऱ्याचं, लुकियुस फाब्रिकियुसचं नाव कोरलेलं आहे. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक लेख, इसवी सनपूर्व २१चा: दोन कॉन्सलांनी, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी, पूल तपासून मान्य केला. दोन वर्षं आधी मोठा पूर येऊन गेला होता. चाळीस वर्षांनी परीक्षण, आणि तेही सहीनिशी दगडात.

चौथा दिवस: शहराबाहेर

सकाळी चिर्को मास्सिमो मेट्रो स्टेशनवरून दहा मिनिटांवर कॅराकलाचं स्नानगृह. सोमवारी बंद असतं. सन २१२ ते २१६, चार-पाच वर्षांत एवढा पसारा. पहिल्या दिवशी शिकलेलं सगळं इथे ३० मीटरहून उंच भिंतींवर तपासता येतं: परांचीची चौकोनी भोकं ओळीने, लादीच्या आकड्यांची विखुरलेली, आणि गरम दालनाकडे भिंतीत पोकळ नळ्यांच्या खुणा, ज्यांतून भट्टीची ऊब वर चढायची. गर्दी फोरमच्या दशांशही नसते. एकच सकाळ असेल तर फोरमपेक्षा इथे द्यावी, असं आमचं मत.

मग ११८ नंबरच्या बसने व्हिया आप्पिया. रस्ता इसवी सनपूर्व ३१२चा. बस फार वाट बघायला लावते, वेळापत्रकावर विसंबून पुढचे बेत करू नका. तिकिटावर ठसा उमटवायला विसरू नका, तपासनीस सबब ऐकत नाहीत. शक्यतो रविवारी जा, तेव्हा गाड्या कमी असतात. चेचिलिया मेतेल्लाची गोल समाधी दुरून किल्ल्यासारखी दिसते. वरचे चर्ये चौदाव्या शतकातले. तिचा चौकोनी पाया सोललेला आहे. आतला डबर-चुना उघडा पडलाय आणि त्यातून ट्रॅव्हर्टिनचे ठोकळे दातांसारखे बाहेर आलेत. ते दर्शनी दगडांना गाभ्याशी बांधणारे. दर्शनी दगड काढून नेला, खोल रुतलेला ठोकळा निघेना, म्हणून तो सोडून दिला. दगडचोरीचं काम अर्धवट थांबलेलं इतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

तिथून ६६० नंबरच्या बसने कोल्ली आल्बानी, मग मेट्रोने जुलियो आग्रिकोला, मग पायी कालव्यांचं उद्यान. तिकीट नाही, कुंपण नाही, लोक कुत्री फिरवतात. उंच आहे तो आक्वा क्लॉडिया, काही जागी २७-२८ मीटर. ठेंगणा तो १५८६चा आक्वा फेलीचे, दुसऱ्या एका जुन्या कालव्याच्या वाटेने नेलेला. क्लॉडियाच्या कमानी बघता बघता तुटलेल्या टोकाशी या. तिथे माथ्यावरच्या पन्हळीचा छेद दिसतो, माणूस आत शिरेल एवढा. शिरायचेच, साफसफाईला. पाण्यात चुन्याचा अंश भरपूर, त्याची खरड आतून साचत जाई आणि पन्हळ अरुंद होत होत पाणी कमी पडे. ठरावीक अंतरावर झरोके ठेवले होते, त्यातून उतरून माणसं खरड फोडून बाहेर काढत. उतार इतका मंद की डोळ्यांना तो सपाटच दिसतो. खांबांवर नंतरच्या काळात चढवलेले विटांचे पदर आहेत, कुठे चांगल्या दर्जांचे, कुठे घाईचे.

संध्याकाळी सहाच्या पुढे थांबा. सूर्य खाली आला की कमानींची सावली गवतावर लांब पडते, आणि नीट जागा साधली तर माथ्यावरच्या पन्हळीच्या तुटक्या तोंडात उजेड दिसतो. परतीला मेट्रो पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. वाटेत नाझोने लागतो.